हर्मीस, बट्टीकलोआ : 53 मीटरवरची विमानवाहू नौका (आणि टाकीत साधी हवा घेऊन जावं की नाही हा जुना वाद)

निळाई:
परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की स्कुबा म्हणजे मालवणात पाण्यात डोकं घालायचं, माशांना बिस्किटं घालायची आणि व्हिडिओ घेऊन घरी यायचं. उत्तर द्यायला बसले ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टीकलोआ नावाचं गाव आहे. तिथून होडीने काही मैल आत गेलं की खाली एचएमएस हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडली आहे. 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी ती बुडवली, 307 माणसं गेली. नौका डाव्या कुशीवर आहे. समुद्राचा तळ 53 मीटरवर आणि तिचा सगळ्यात वरचा भाग चाळीस-पंचेचाळीसच्या दरम्यान. हौशी पाणबुड्यांच्या परवान्याची हद्द 40 मीटर. म्हणजे हौशी हद्द जिथे संपते तिथून ही नौका सुरू होते. इथे जायला टेक्निकल डायव्हिंग शिकावं लागतं, नुसतं 'मला पोहता येतं' चालत नाही.

आता हिशेब. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा घेतो असं धरू. 53 मीटरवर दाब 6.3 पट, म्हणजे मिनिटाला 126 लिटर. 12 लिटरच्या टाकीत 200 बारला 2400 लिटर हवा मावते. मालवणात पाच मीटरवर हीच टाकी सव्वा तास सहज पुरेल. हर्मीसवर ती 19 मिनिटांत ठणठणीत रिकामी होते, आणि त्यात वर यायची हवा धरलेली नाही! म्हणून पाठीवर दोन टाक्या जोडून घ्यायच्या, 4800 लिटर. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली जोडीदाराची टाकी बंद पडली तर त्याच्यासाठी. शिवाय बगलेला आणखी दोन टाक्या. एकीत नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, इथे 50 टक्के, तो वर येताना 21 मीटरपासून. दुसरीत शुद्ध ऑक्सिजन, तो 6 मीटरवर. या दोनपैकी चुकीचा रेग्युलेटर (श्वास घ्यायचा तोंडात धरायचा भाग) खाली तोंडात गेला तर झटके येऊन माणूस बुडतो. म्हणून प्रत्येक टाकीवर किती मीटरपर्यंत चालेल ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तोंडात घेण्यापूर्वी जोडीदाराला दाखवायचं असतं.

एवढं सगळं वागवून खाली मिळतात वीसेक मिनिटं. नौका 183 मीटर लांब, म्हणजे नऊ डब्यांची लोकल. वीस मिनिटांत टोकापासून टोकापर्यंत बघायचा हट्ट धरला तर काहीच बघून होत नाही, नुसतं पोहणं होतं आणि दम लागतो. खोलवर दम लागणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. मी दरवेळी एकच भाग ठरवून जाते. कधी नाळेकडची म्हणजे पुढच्या टोकाची बाजू, कधी मधल्या तोफा. पाणी स्वच्छ असलं तर दोर धरून उतरताना तिशी ओलांडली की खाली आधी नुसता अंधुक काळपट पट्टा दिसतो. तो पट्टा हळूहळू पोलादाची भिंत होतो. तोफा अजून जागेवर आहेत, त्यांच्यावर प्रवाळ चढलंय. लाल रंग त्या खोलीवर उरतच नाही, टॉर्च टाकला की मगच कळतं आपण काय बघतोय. भोवती ट्रेव्हली माशांचे थवे, आणि फटींतून अंगापिंडाने दांडगे ग्रुपर मासे आपल्याकडे पाहत असतात.

वर येताना थांबे घ्यावे लागतात. कधी अर्धा तास, कधी पाऊण. दोराला लोंबकळत, पाण्याला ओढ असेल तर झेंड्यासारखं आडवं होऊन. प्रश्न असतील तर विचारा. टाकीत साधी हवा की हिलियम मिसळलेला गॅस हा वाद निघणारच, तो काढा.

बंडोपंत:
वाचताना कान बंद झाले. पाऊण तास दोराला लोंबकळायचे पैसे आपणच द्यायचे ना?

निळाई:
हो बंडोपंत, आणि आगाऊ.

आरमारी:
उत्तम लेख. इतिहासाची थोडी भर घालतो. हर्मीसला सर्रास 'जगातली पहिली विमानवाहू नौका' म्हणतात. विमानवाहू म्हणूनच आखलेल्या नौकांमध्ये हिचं काम पहिलं सुरू झालं, जानेवारी 1918 मध्ये. पण युद्ध संपलं, आराखडे बदलत राहिले, आणि ती सेवेत आली 1924 ला. तोवर जपानची होशो 1922 च्या डिसेंबरात हजर झाली होती. म्हणजे पाया घालण्यात हिचा नंबर पहिला, गृहप्रवेशात तिचा.

दुसरं म्हणजे ती बुडाली तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हतं. हे बऱ्याच लेखांत निसटून जातं.

शंकेखोर:
विमानवाहू नौकेवर विमान नाही? मग ती तिथे करत काय होती?

आरमारी:
पळत होती. 5 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, जपानी ॲडमिरल नागुमोच्या ताफ्याने कोलंबोवर हल्ला केला आणि त्याच दिवशी डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन क्रूझर समुद्रात बुडवल्या. 6 तारखेला आपल्याकडे विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, मद्रासेतून लोक गाठोडी घेऊन निघाले. पुढचा नंबर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमाली बंदराचा हे उघड होतं. म्हणून 8 तारखेच्या रात्री हर्मीसला बंदरातून काढून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे पाठवलं, सोबत व्हँपायर ही ऑस्ट्रेलियन विनाशिका. हर्मीसची विमानं किनाऱ्यावरच राहिली. ती सोबत असती तरी फार फरक पडला नसता म्हणा. ती स्वोर्डफिश होती, दोन पंखी टॉर्पेडो विमानं. लढाऊ विमानांचं काम ती करू शकत नव्हती.

सकाळी जपानी टेहळणी विमानाने दोघींना पाहिलं. त्या परत त्रिंकोमालीच्या छत्राखाली यायला वळल्या, पण तिथली लढाऊ विमानं सकाळच्या हल्ल्यातच गुंतली होती. जी मदत निघाली ती पोचेपर्यंत खेळ आटोपला होता. डाइव्ह बॉम्बर आले आणि वीसेक मिनिटांत हर्मीस गेली. कॅप्टन ऑन्स्लो नौकेबरोबर गेले. पाठोपाठ व्हँपायरही. जवळून जाणाऱ्या व्हिटा या रुग्णालय जहाजाने पाण्यातून सुमारे सहाशे जण उचलले. जपान्यांनी त्या जहाजाला हात लावला नाही, हेही नोंदवायला हवं.

निळाई:
आरमारी, धन्यवाद. खाली गेल्यावर हे डोक्यात असलं की तोफा वेगळ्या दिसतात. काहींची तोंडं अजून वर आहेत.

टँकभर:
दुबईहून लिहितोय, इथे आणि लाल समुद्रात टेक डाइव्ह करतो. ताई, लेख छान, पण एक गोष्ट तुम्ही हळूच सरकवलीत. पाठीवरच्या दोन टाक्यांत काय होतं? 'हवा' लिहिलंय. 53 मीटरवर साधी हवा? 2020 नंतरही?

नायट्रोजनची झिंग हा एक भाग झाला, तो सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यांना वाटतं आपल्याला चढत नाही. मला जास्त भीती घनतेची वाटते. दाबाखाली हवा दाट होते, 53 मीटरवर लिटरला जवळजवळ 8 ग्रॅम. संशोधकांनी सुचवलेली मर्यादा 5.2, आणि काही झालं तरी 6.2 च्या पुढे नको. हवेवर ही 6.2 ची रेघ चाळिशीच्या आधीच ओलांडली जाते. दाट हवा फुप्फुसातून नीट बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने झिंग वाढते, धाप लागते, धाप लागली की आणखी साठतो. ओढ असलेल्या पाण्यात चार जोरदार फटके मारले की हे चक्र सुरू होतं. वरून बघणाऱ्याला वाटतं माणूस घाबरला. तो घाबरलेला नसतो, त्याला श्वास पुरत नसतो.

21/35 ट्रायमिक्स घ्या. ऑक्सिजन तेवढाच, 35 टक्के हिलियम. घनता पावणेसहाच्या आसपास येते आणि डोकं 53 ऐवजी तिशीत असल्यासारखं चालतं. प्रश्न संपला.

निळाई:
टँकभर, आकडे सगळे मान्य. 'प्रश्न संपला' तेवढं मान्य नाही.

एक, हवेवर 55 मीटरपर्यंतचं रीतसर प्रशिक्षण आजही दिलं जातं. टीडीआय या प्रशिक्षण संस्थेचा एक्सटेंडेड रेंज कोर्स त्यासाठीच आहे. ऑक्सिजनच्या बाजूने पाहिलं तर 53 मीटरवर हवेतल्या ऑक्सिजनचा दाब 1.3 बारच्या थोडा वर, म्हणजे हद्दीत. हर्मीसवर वर्षानुवर्षं लोक हवेवर जात आलेत. दोन, दुबईत हिलियम फोन केला की येतो, बट्टीकलोआत नाही. तो कोलंबोहून आणायचा, दोन टाक्यांत भरायचा, एका बुडीत सगळा समुद्रात सोडायचा. त्या किमतीत माणूस मालदीवला जाऊन येईल. रीब्रीदर यंत्रवाल्यांना परवडतं, त्यांनी सोडलेला श्वास साफ होऊन फिरून वापरला जातो.

टँकभर:
परवडत नाही म्हणून सुरक्षित ठरतं का?

निळाई:
ठरत नाही. म्हणूनच हवेवर असताना मी आत शिरत नाही. बाहेरून, एकच भाग, ओढ दिसली की उतरतच नाही, आणि डोकं जड वाटलं की अंगठा वर, म्हणजे 'वर निघायचं' ही खूण. ज्यांना आत जायचंय, यंत्रांच्या खोलीत डोकवायचंय, फोटो काढायचेत, त्यांनी हिलियमशिवाय जाऊ नये असं माझंही मत आहे. कॅमेरा हातात आला की हवेवरचा माणूस घड्याळ बघायचा विसरतो, हे मी लोकांमध्ये पाहिलंय. पण 'हवेवर जाणारे सगळे बेअक्कल' हा सूर मला पटत नाही.

टँकभर:
बेअक्कल म्हटलं नाही हो. जीयूई ही प्रशिक्षण संस्था तर तिशीच्या खाली हवा नकोच म्हणते, मी त्यांच्या शाळेतला आहे, त्यामुळे माझा सूर तसा लागतो. आत न शिरण्याबद्दल मात्र सहमत. ऐंशी वर्षांचं पोलाद आहे, वरून काय कधी सुटेल सांगता येत नाही. आत गाळ असतो, पायातला एक पंख चुकीचा हलला की दिसायचं बंद, आणि मग दार कुठे होतं ते फक्त हातातला दोर सांगतो.

शंकेखोर:
एक बाळबोध प्रश्न. थांबे घेतले नाहीत आणि सरळ वर आलं तर नक्की काय होतं? रक्त उकळतं असं ऐकलंय.

डॉ. वि:
रक्त उकळत नाही. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि मग ऊतींमध्ये विरघळत राहतो. रक्तात लवकर, चरबीत आणि सांध्यांत सावकाश. वर येताना दाब कमी होतो आणि तो बाहेर पडायला लागतो. पुरेसा वेळ दिला तर फुप्फुसातून निघून जातो. वेळ नाही दिला तर जागच्या जागी बुडबुडे धरतो. सांध्यात धरला तर खांदा-कोपर दुखतं, त्वचेत धरला तर संगमरवरासारखी नक्षी उठते. मणक्यात धरला तर पाय बधिर, लघवी अडते. शेवटचा प्रकार आयुष्यभराचा होऊ शकतो. जे. एस. हाल्डेन यांनी 1908 साली बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर यायची पहिली कोष्टकं केली. आज मनगटावरचा काँप्युटर जे गणित करतो त्याचं मूळ तिथे आहे.

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगतो. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधलं जन्मापूर्वीचं छिद्र साधारण चारातल्या एका माणसात नीट बुजलेलं नसतं. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण डेकोच्या (थांबे घ्यावे लागणाऱ्या) बुडीनंतर त्यातून बुडबुडे थेट मेंदूकडे जाऊ शकतात. ज्यांना एकदा विनाकारण बेंड्स (हाच बुडबुड्यांचा त्रास) झालेत त्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

नंतरचं विमान चोवीस तासांनी, त्याआधी नाही. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो: श्रीलंकेत लोक समुद्र आटोपून दुसऱ्या दिवशी गाडी करून नुवारा एलियाला चहाचे मळे बघायला जातात. ते 1868 मीटर उंचीवर आहे. शरीराच्या दृष्टीने ते विमानात बसण्यासारखंच. कॅंडीसुद्धा त्याच दिवशी नको. कोलंबोला परतायचं तर पोलोन्नरुवावरून जाणारी रेल्वे सपाटीवरून जाते, ती बरी.

तिसरी गोष्ट, नाकारणं. 'काल सामान उचललं म्हणून खांदा दुखतोय' असं म्हणत लोक दोन दिवस काढतात. दुखणं बुडीनंतर सुरू झालं असेल तर ते बुडीचंच समजायचं, शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करायचा आणि दाबकक्ष गाठायचा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही विद्या आहे. श्रीलंकेत दाबकक्ष नौदलाकडे त्रिंकोमालीला आहे, बट्टीकलोआत नाही. रस्त्याचे ते तास गणतीत धरूनच बुडी आखावी.

बंडोपंत:
डॉक्टर, चहाच्या मळ्यांचं ऐकून धक्का बसला. मी तर जोडून तीच सहल आखत होतो. उलट क्रमाने करतो, आधी चहा.

डॉ. वि:
शहाणपणाचं.

मालवणी_मासो:
निळाईताय, वाचलंय सगळा. पन् पन्नास मीटर खाली जावन गावतला काय तर गंजको लोखान! आमच्या निवतीक येवा. आयएनएस गुलदार 2024 त निवृत्त झाली, ती पर्यटन महामंडळाक दिल्यानी, निवती रॉकाकडे बुडवन पाण्याखालचा संग्रहालय करूचा ठरलासा. बिस्किटा आमी देव, व्हिडिओ पन आमीच काढू!

निळाई:
मासोदादा, येणार तर नक्की! आणि मालवणाला नावं मी ठेवलेली नाहीत, पहिला श्वास पाण्याखाली मी तारकर्लीलाच घेतलाय. गुलदारसारखं मुद्दाम बुडवायचं जहाज शिकायला सगळ्यात चांगलं. आधी तेल, वायरी, सुटे पत्रे काढून टाकतात, बाहेर पडायला मोठी भोकं पाडतात, खोली बेताची ठेवतात. तिथे माणूस जहाजाच्या आजूबाजूने तरंगायला शिकेल, मग पुढचं बघेल. मुंबईचे लोक सध्या त्यासाठी गोव्याला ग्रांदे बेटाजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर जातात, पण ते फारच मोडलेलं आहे.

अलिबागकर:
धागा बुडालेल्या जहाजांचा आणि रामदासचं नाव अजून कुणी काढलं नाही? 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात आजही पावसाळ्यात लाँचने जायचं म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. त्या बोटीवर कुणी पाणबुडे जातात का?

निळाई:
अलिबागकर, मुंबई बंदराच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. त्यावर वाहतूक, भरती-ओहोटीची ओढ आणि खालचा चिखल. हौसेने बुडी मारायची ती जागा नाही. खोली कमी असली तरी हर्मीसपेक्षा ते पाणी मला जास्त धोक्याचं वाटतं.

शंकेखोर:
मग खरा प्रश्न विचारतोच. रामदासवर हौसेने जायचं म्हटलं तर आपल्याला कसंतरी होतं. हर्मीसवर 307 माणसं गेली, तिथे चालतं? ती गोऱ्यांची होती म्हणून?

आरमारी:
प्रश्न रास्त आहे. युद्धनौकेची कबर ही त्या त्या देशाची मानतात. बुडाली तरी मालकी सुटत नाही, दुसऱ्याच्या समुद्रात असली तरी. पाहायला जाण्यावर बहुतेकांचा आक्षेप नसतो, हात लावण्यावर असतो. पण खरा धोका पाणबुड्यांचा नाहीच. 27 फेब्रुवारी 1942 च्या जावा समुद्राच्या लढाईत डच क्रूझर डी रॉयटर आणि जावा बुडाल्या. 2016 मध्ये पाहणी करायला गेले तर तळावर फक्त खड्डे! हजारो टनांच्या नौका भंगारवाल्यांनी तोडून उचलून नेल्या होत्या, आतल्या माणसांसकट. मलेशियाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश युद्धनौकांवरही तोच प्रकार चाललाय. 2023 च्या मे महिन्यात मलेशियाने एक चिनी जहाज पकडलं, त्यावर जुने तोफगोळे सापडले. पहिला डोळा पितळी आणि काशाच्या पंख्यांवर असतो, मग पोलादावर.

निळाई:
म्हणून मला वाटतं की लोक जात राहिलेले बरे. नियमितपणे पाणबुडे उतरणाऱ्या जहाजावर रात्रीतून क्रेन लावता येत नाही, कुणीतरी बोंब मारतंच. शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण माझा नियम साधा आहे. काही उचलायचं नाही, कशावर टेकायचं नाही, बाटलीचं बूचसुद्धा वर आणायचं नाही. आमच्या होडीवर एकदा एकजण काहीतरी पितळी तुकडा पिशवीत घालून आला होता. त्याला पुढच्या बुडीला परत खाली नेऊन ठेवायला लावला. तो नाराज झाला, पुन्हा आमच्याबरोबर आला नाही. बरं झालं.

शंकेखोर:
पटलं. म्हणजे निम्मं पटलं.

सह्याद्रीतला_मासा:
मी पुण्यात ॲडव्हान्स्डपर्यंतचा कोर्स केलाय, नायट्रॉक्सही झालंय. हर्मीस करायची तर पुढे काय? आणि कधी जायचं?

निळाई:
घाई करू नका. आधी तिशीच्या आत खूप बुड्या, आणि त्यात जागच्या जागी तरंगत हाताने कामं करायची सवय. मग दोन टाक्यांवर सराव. त्यानंतर ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डीकंप्रेशन प्रोसीजर्स, ते 45 मीटरपर्यंतचं. त्यापुढे एक्सटेंडेड रेंज किंवा टँकभर म्हणतात तसा ट्रायमिक्स, ऐपत असेल तर ट्रायमिक्सच. बट्टीकलोआला पोचल्यावर पहिल्या दिवशी ब्रिटिश सार्जंट करा. हे तेलवाहू जहाज हर्मीसच्याच दिवशी बुडालं आणि 25 मीटरच्या आसपास आहे. सामान, ओढ, होडीवाला, जोडीदार सगळं तिथे तपासून होतं. हर्मीस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

मोसम एप्रिल ते सप्टेंबर. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा पूर्व किनारा शांत. नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्य मोसमी वारा, तेव्हा विसरा.

केंद्र निवडताना एकच प्रश्न विचारा: होडीवर ऑक्सिजन किती आहे आणि तो किती वेळ पुरेल? एका ठिकाणी मला उत्तर मिळालं की ऑक्सिजन आहे, किनाऱ्यावरच्या खोलीत. मी सामान उचलून निघाले.

टँकभर:
यावर मात्र शंभर टक्के सहमत. मासा, आणखी एक. होडीवाला डेको डाइव्हला सरावलेला आहे का बघा. तुम्ही दोराला पाऊण तास लटकलेले असताना त्याने नांगर उचलून मासे धरायला जाता कामा नये.

सह्याद्रीतला_मासा:
असं होतं?

टँकभर:
विचारू नका. आपला वेगळा बोया (तरंगणारी खूण) आणि दोराचं रीळ जवळ ठेवा, सुटलात तर तो वर सोडून त्याखाली थांबे पूर्ण करता येतात. तो अंधारात, एका हाताने सोडता येईपर्यंत सराव करा. स्विमिंग पूल चालेल.

सह्याद्रीतला_मासा:
पुण्यात खोल पूल शोधतो. कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.